बॉल नसलेल्या पोरांकडं बघ

काल रात्री साडेदहाच्या सुमाराला तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, कोल्हापुरात असतात, आणि आर्सेनलची, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या आमच्या फुटबॉल टीमची, सीझनची शेवटची मॅच संपली की त्यांचा फोन येणार हे गेली पाच वर्षं ठरलेलंच आहे. काल, म्हणजे 25 मे 2025 ला, त्यांना साउदम्प्टनविरुद्धची मॅच बघता आली नव्हती, दुपारपासून पाऊस लागून राहिला होता आणि संध्याकाळी लाइट गेली ती आलीच नाही.

"किती झाले?"

"दोन-एक, जिंकलो. ओडेगार्डनं शेवटी शेवटी मारला, 89 व्या मिनिटाला."

"आनि कितवं आलं?"

"दुसरे."

पलीकडून थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "परत दुसरं व्हय."

मॅचला तसा काही अर्थ उरला नव्हता. साउदम्प्टन कधीच खाली गेलं होतं, म्हणजे पुढच्या सीझनला खालच्या लीगमध्ये, अख्ख्या सीझनमध्ये त्यांचे 12 पॉइंट, आणि लिव्हरपूलनं एप्रिलमध्येच लीग मारलेली. तरी मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितली, कारण आपला टिअर्नी त्याच्या जुन्या क्लबला, सेल्टिकला, परत चाललाय, त्याची ही शेवटची मॅच, आणि त्यानं जाता जाता गोल केला तेव्हा बेंचवरची सगळी पोरं अशी उठली की जणू फायनलचा गोल आहे. मग फोन ठेवला आणि झोप काही येईना. 2022-23 ला दुसरे, 84 पॉइंट. 2023-24 ला दुसरे, 89 पॉइंट. आणि आता 2024-25 ला दुसरे, 74 पॉइंट. ऑफिसमध्ये आज सकाळी ज्यानं त्यानं तेच ऐकवलं, आर्सेनल म्हणजे कायमचा दुसरा नंबर. मी काही बोललो नाही. कारण मला ती टीम आठवते जी आठवी यायची, परत आठवी यायची, आणि एकदा तर ऑगस्टमध्ये चक्क विसाव्या नंबरवर होती. दुसरे येऊन माणसाला झोप लागत नाही, इथपर्यंत ही टीम कशी आली ते मी बघितलंय, म्हणजे नंतर बघायला शिकलो. सुरुवातीला मला दिसलंच नव्हतं.

कोल्हापुरात टीम निवडायची भानगडच नसते. ज्या पेठेत जन्मलास त्या पेठेच्या तालमीची टीम तुझी, विषय संपला. पाटाकडील असो, शिवाजी मंडळ असो, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, कुठलीही असो, आजोबा ज्या टीमसाठी शाहू स्टेडियमवर जाऊन घसा बसवून आले त्याच टीमसाठी नातू जातो. तात्या स्वतः तरुणपणी आमच्या पेठेच्या टीममधून राइट बॅकला खेळायचे, आता सत्तरीला आलेत, गुडघा गेलाय, पण रविवारी सकाळी गल्लीतल्या पोरांना घेऊन मैदानावर जाणं सुटलेलं नाही. आर्सेनल मात्र मी स्वतः निवडलेली टीम. 2003-04 ला मी शाळेत होतो, तात्यांच्याच घरी टीव्हीवर आर्सेनलचा स्ट्रायकर ऑन्री पळताना बघितला, 38 मॅच आणि एकही हार नाही, 26 जिंकल्या आणि 12 ड्रॉ, त्या वयात असं काही बघितलं की माणूस गेलाच. त्यानंतर 2025 पर्यंत लीग आलीच नाही. 2006 ला नवीन स्टेडियम झालं, त्याचं कर्ज फेडता फेडता चांगले चांगले प्लेअर विकले, कोच वेंगर 22 वर्षांनी 2018 ला गेला, एमरी आला आणि दीड वर्षात त्यालाही काढलं.

नवा कोच आर्टेटा आला डिसेंबर 2019 ला. वय 37, त्याआधी कुठल्याही टीमचा मुख्य कोच नव्हता, मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलाच्या हाताखाली साडेतीन वर्षं काम केलेलं, आणि त्याआधी आपल्याच टीमचा कॅप्टन. तेव्हा क्लबची अवस्था काय होती ते आज नवीन पोरांना सांगून खरं वाटत नाही. दोनच महिन्यांपूर्वी कॅप्टन झाका मैदानातून बाहेर येताना स्वतःच्याच स्टेडियमनं त्याला हूटिंग केलं होतं, त्यानं कानाला हात लावून अजून ओरडा म्हणून इशारा केला, आर्मबँड फेकला, जर्सी काढली आणि सरळ आत निघून गेला. कॅप्टन्सी गेली. घरी बॅगा भरून तयार होत्या असं त्यानं नंतर स्वतःच सांगितलंय. खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. टीम हरली की चिडण्याऐवजी लोक खांदे उडवायचे, आणि मला तेच सगळ्यात वाईट वाटायचं.

मग लॉकडाउन लागला. मी पुण्यातून कोल्हापूरला आलो तो जवळजवळ वर्षभर तिथंच राहिलो, दिवसा माडीवर लॅपटॉप आणि रात्री तात्यांच्या सोप्यात मॅच. 1 ऑगस्ट 2020 ला रिकाम्या वेम्बलीत चेल्सीला 2-1 नं हरवून एफए कप जिंकलो, ऑबामेयांगचे दोन गोल, तात्यांनी काकूंना उठवून चहा करायला लावला. पण लीगमध्ये आठवे. पुढचा सीझन सुरू झाला आणि सगळं परत खाली यायला लागलं. 2020 च्या ख्रिसमसला टेबल काय होतं ते माझ्या तोंडपाठ आहे. 14 मॅच, 14 पॉइंट, 12 गोल, नंबर पंधरावा. आठ मॅच हरलेलो. खालच्या तीन टीम आणि आपल्यात फारसं अंतर उरलं नव्हतं.

त्या दिवसांत मी आमच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता. ह्या माणसाला आजच्या आज काढा, अनुभव नाही, टीम गोल करत नाही, खेळ बघवत नाही, वगैरे. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, काल रात्री परत वाचला. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाहीये, म्हणजे गोल खरंच होत नव्हते आणि खेळ खरंच बघवत नव्हता. पण मी जे बघत होतो ते सगळं बॉलजवळचं होतं. बॉल कुणाकडं, गोल झाला का नाही, टेबलात कितवे. बस.

तात्यांचंही आर्टेटाशी पटत नव्हतं, पण कारण वेगळं. त्यांचा जीव ओझिलवर. त्या ऑक्टोबरमध्ये ओझिलला लीगच्या 25 जणांच्या लिस्टमधून बाहेर ठेवलं आणि तात्या आठवडाभर माझ्याशी असे वागले जणू मीच त्याला काढलंय. "असला पास देणारा मानूस घरात बसवत्यात का रं कोण?" माझं म्हणणं, तात्या, तो आता पळत नाही. त्यांचं म्हणणं, पास पळतो की, मग त्यानं कशाला पळायचं. ह्या विषयावर आमचं आजही जमलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही की एवढं कडक व्हायची गरज होती का. पुढं ऑबामेयांगचंही तेच झालं, शिस्तीच्या कारणावरून आधी कॅप्टन्सी गेली आणि दीड-दोन महिन्यांत तो बार्सिलोनाला गेला, आणि त्याच्या जागी कोणी घेतलंच नाही. आर्टेटाच्या ह्या बाजूबद्दल बोलताना लोक नुसतं कौतुक तरी करतात नाहीतर नुसत्या शिव्या तरी देतात. मला दोन्ही वाटतं. घर लावायला घेतलं की काही सामान बाहेर जाणार हे पटतं, पण ज्याचे दोन गोल बघून आपण मध्यरात्री चहा प्यालो त्याचं नाव पुढच्या दीड वर्षात टीम शीटवरून गायब होतं तेव्हा वाईट वाटायचं ते वाटतंच.

तर 26 डिसेंबर 2020. चेल्सीबरोबर घरी मॅच, आपल्याकडं रात्री अकरा वाजता. थंडी मरणाची, तात्या कानटोपी घालून बसलेले. आर्टेटानं त्या दिवशी टीम बदलली, मोठी नावं काही दुखापतीमुळं, काही कोरोनामुळं बाहेर होती, आणि एमिल स्मिथ रो, साका, मार्टिनेली अशी पोरं एकत्र उतरवली. स्मिथ रो विशीतला पोरगा, मोजे घोट्यापर्यंत खाली. मी नेहमीप्रमाणं बॉलच्या मागं डोळे पळवत होतो आणि तात्या मध्येच म्हणाले, "बॉल बघू नको. बॉल नसलेल्या पोरांकडं बघ. त्यो दहा नंबरच्या जागेवरचा बघ काय करायलाय."

मी बघितलं. त्याला काही भारी ड्रिबल वगैरे करायचं नव्हतं. पास यायच्या आधी एकदा मागं वळून बघायचा, पास आला की एका टचमध्ये देऊन टाकायचा, आणि दिल्या दिल्या पुढच्या मोकळ्या जागेत पळायचा, परत मागून घ्यायला. एवढंच. पण तो हलला की चेल्सीचा एक माणूस त्याच्यामागं हलायचा आणि साकासमोर जागा उघडायची. इतके दिवस आपली टीम बॉल पायात घेऊन उभी राहायची, सगळे एकमेकांकडं बघत, आणि त्या रात्री पहिल्यांदा बॉल नसलेली माणसं कामाला लागलेली दिसली. 3-1 नं जिंकलो. लाकाझेटची पेनल्टी, झाकाची फ्री किक, आणि साकाचा तो कडेनं उचलून मारलेला गोल. तात्या कानटोपी काढून म्हणाले, "आता ह्येला काढू नयेत."

तिथनं पुढच्या 24 मॅचमध्ये 47 पॉइंट झाले. शेवटी 61 पॉइंट आणि परत आठवाच नंबर, युरोपियन फुटबॉल 25 वर्षांत पहिल्यांदा हातातून गेलं, त्यामुळं पेपरात आलं की काहीच सुधारणा नाही. पण कुणी गणित करून बघावं, 24 मॅचला 47 हा वेग अख्ख्या सीझनला लावला तर 74 पॉइंट होतात. टेबल खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतं, ऑगस्टमध्ये केलेल्या चुका ते मे महिन्यापर्यंत मोजत बसतं.

आणि मग ऑगस्ट 2021, ज्यानं माझा सगळा धीर घालवला. ब्रेंटफर्ड 74 वर्षांनी वरच्या लीगमध्ये आलेलं, पहिलीच मॅच, त्यांनी 2-0 नं हरवलं. मग चेल्सीकडून 2-0. मग सिटीकडून 5-0, झाकाला रेड कार्ड. तीन मॅच, शून्य पॉइंट, शून्य गोल, नऊ खाल्ले, नंबर विसावा. त्यात ज्या खरेद्या केल्या त्या बघून डोकं फिरायचं. रॅम्सडेल, जो आधीच्या दोन सीझनला दोन वेगवेगळ्या टीमबरोबर खाली गेलेला गोली. व्हाइट, ब्राइटनचा डिफेंडर, त्याच्यासाठी 50 मिलियन पाउंड. ओडेगार्ड, रिअल माद्रिदला नको असलेला. तोमियासू, ज्याचं नाव आमच्या ग्रुपवर कुणाला धड लिहिता येत नव्हतं. सगळी बावीस-तेवीस वर्षांची पोरं. सिटीची मॅच झाली तेव्हा मी पुण्यात होतो, तात्यांना फोन केला आणि म्हटलं, तात्या, चार महिन्यांपूर्वी सुधारलेली दिसली होती ती टीम कुठं गेली. ते म्हणाले, "आरं ती पोरं उतरलीतच कुठं अजून?" आणि खरंच होतं, नव्या पोरांपैकी बरेचसे त्या तीन मॅचमध्ये एकत्र खेळलेच नव्हते. त्या सीझनला आपण विसाव्यावरून पाचव्यावर आलो, 69 पॉइंट. शेवटच्या आठवड्यांत टॉटनमकडून 3-0 आणि न्यूकॅसलकडून 2-0 हरलो नसतो तर चौथे. न्यूकॅसलच्या त्या रात्री आपली पोरं अक्षरशः घाबरलेली दिसली, पायात बॉल नको असल्यासारखी.

खरी मजा पुढच्या सीझनला. आणि इथं जरा थांबून सांगतो, कारण सुधारणा म्हणजे नक्की काय ते मला ह्याच सीझनला कळलं.

सिटीतून झिन्चेन्को आणि जेझुस आले. सलिबा, ज्याला 2019 ला विकत घेऊन तीन वर्षं लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना देत, फिरवला होता, तो फ्रान्सच्या मार्सेमधून परत आला आणि पहिल्यांदा आपल्या जर्सीत लीग खेळला. झिन्चेन्को नावाला लेफ्ट बॅक, पण आपल्याकडं बॉल आला की तो लेफ्टची जागा सोडून मध्ये मिडफिल्डर पार्टीच्या शेजारी येऊन उभा राहायचा. त्यामुळं झाका मोकळा होऊन वर जायचा, पार गोलच्या तोंडापर्यंत. तात्यांना आधी हे अजिबात पटलं नाही, राइट बॅकला आयुष्य काढलेला माणूस, बॅकनं आपली लाइन सोडायची म्हणजे काय. पण दोन-तीन मॅच गप्प बसून बघितल्यावर म्हणाले, "बॉल गेल्यावर काय हुतंय बघ." होत असं होतं की पास चुकला, बॉल समोरच्याकडं गेला, की त्याच्याभोवती आपली चार-पाच पोरं आधीच उभी. पळत यावं लागायचंच नाही. झिन्चेन्को तिथं, पार्टी तिथं, ओडेगार्ड वरून दाबत आलेला, मागं सलिबा आणि गॅब्रिएल अर्ध्या मैदानापर्यंत चढलेले. चार-पाच सेकंदात बॉल परत आपला. 2020 ची टीम आठवा, पास चुकला की कमरेवर हात. माझ्यासाठी सगळी प्रगती ह्या पाच सेकंदांत आहे. गोल, पॉइंट, नंबर हे सगळं नंतर येतं.

आणि झाका. ज्याला हाकलून लावलं होतं तोच झाका त्या सीझनला लीगमध्ये सात गोल मारतो आणि शेवटच्या मॅचला वुल्व्ह्जविरुद्ध दोन मारतो, आणि तेच स्टेडियम उभं राहून त्याच्या नावाचं गाणं म्हणतं. आर्टेटानं त्याला आल्या आल्या थांबवून घेतलं होतं. एखाद्या कोचला फक्त एका गोष्टीसाठी मार्क द्यायचे झाले तर मी ह्याच्यासाठी देईन.

त्या वर्षीची बोर्नमथची मॅच, 4 मार्च 2023. नऊ सेकंदांत गोल खाल्ला, मी सोफ्यावर नीट टेकलोही नव्हतो. मग 2-0. मग पार्टी, मग व्हाइट, आणि 97 व्या मिनिटाला रीस नेल्सननं डाव्या पायानं मारला. मी ओरडलो ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली फोन केला सगळं ठीक आहे ना म्हणून. आर्टेटा टचलाइनवरून सुसाट पळत सुटला. दोन वर्षांपूर्वी हीच टीम 2-0 मागं पडली असती तर मी टीव्ही बंद करून झोपलो असतो, त्या दिवशी मला कुठंतरी वाटत होतं की येणार, अजून येणार.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. 248 दिवस टेबलात वर राहून लीग गेली. सलिबाची पाठ गेली आणि मागची भिंत हलली, लिव्हरपूलशी 2-0 पुढं असताना 2-2, वेस्ट हॅमशी 2-0 पुढं असताना 2-2, साकाची पेनल्टी बाहेर, शेवटच्या नंबरच्या साउदम्प्टनशी घरी 3-3, आणि मग सिटीत 4-1. रात्री साडेबाराची मॅच, सकाळी सातला ऑफिसची बस, मी झोपलोच नाही.

2023-24 ला जे केलं ते मात्र मी कधीच विसरणार नाही आणि लोक त्याला इतकं कमी किंमतीत काढतात याचा राग येतो. राइस आला, हावर्ट्झ आला, गोलमध्ये रॅम्सडेलच्या जागी राया. जानेवारीनंतरच्या 18 मॅचपैकी 16 जिंकल्या, एक ड्रॉ, एकच हार, ॲस्टन व्हिलाकडून घरी. अख्ख्या सीझनला 91 गोल केले आणि 29 खाल्ले. दोन वर्षांपूर्वी 48 खाल्ले होते. 28 विजय, 89 पॉइंट, वेंगरच्या न हरलेल्या टीमपेक्षा फक्त एक कमी. आणि तरी दुसरे, कारण सिटीनं 91 केले. शेवटच्या दिवशी एव्हर्टनशी मॅच होती, दुसऱ्या स्क्रीनवर सिटी, आणि तिकडं फोडेननं दुसऱ्याच मिनिटाला मारला. तरी इकडं पोरं शेवटपर्यंत पळत होती, हावर्ट्झनं 89 व्या मिनिटाला जिंकून दिलं.  एवढं सगळं नीट करूनही दुसऱ्याचं जास्त नीट असलं तर तुम्ही काय करणार, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

आणि ह्या वर्षी? ह्या वर्षी खरंच मागं आलो, ते कबूल करायला पाहिजे. 89 चे 74 झाले. राइसला ब्राइटनविरुद्ध रेड, ट्रोसार्डला सिटीत रेड, सलिबाला बोर्नमथमध्ये रेड, ऑक्टोबर संपायच्या आतच तीन. ओडेगार्डचा घोटा, साकाची हॅमस्ट्रिंग, जेझुसचा गुडघा, हावर्ट्झची हॅमस्ट्रिंग. फेब्रुवारीत लेस्टरला पुढं खेळायला कोणी उरलं नाही म्हणून मिडफिल्डर मेरिनोला स्ट्रायकर केला, त्यानं उतरून दोन गोल मारले हे वेगळं. पण नुसत्या दुखापतींवर ढकलून चालणार नाही. जानेवारीत एक तरी फॉरवर्ड घ्यायला पाहिजे होता, ते न घेणं ही माझ्या मते ह्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी चूक. आपण फक्त चार मॅच हरलो, लिव्हरपूलही चारच हरले, पण त्यांचे ड्रॉ 9 आणि आपले 14. बॉल आपल्याकडं, सगळे नीट जागेवर उभे, आणि शेवटचा घाव घालायला माणूस नाही. शिवाय खेळ थोडा जास्तच सावध झालाय. सगळं मापात बसवायच्या नादात स्मिथ रोसारखं दिल्या दिल्या पळणं कमी झालंय, आणि तो पोरगा तर मागच्या उन्हाळ्यात फुलहॅमला गेला.

पण ह्याच वर्षी 8 एप्रिलला चॅम्पियन्स लीगमध्ये रिअल माद्रिदला 3-0 नं हरवलं, तेही विसरता येत नाही. राइसनं करिअरमध्ये त्याआधी फ्री किकवर थेट एकही गोल केला नव्हता, आणि त्या रात्री बारा मिनिटांत दोन केले. मग त्यांच्या स्टेडियमवर, बर्नाबेऊत, जाऊन पण 2-1 नं जिंकलो. पॅरिसच्या पीएसजीनं सेमीफायनलला थांबवलं, त्याचं दुःख आहे, पण विसाव्या नंबरवरून निघालेली टीम चार वर्षांत इथं पोचली होती.

माद्रिदच्या त्या 3-0 च्या मॅचनंतर त्याच आठवड्यात जोतिबाच्या यात्रेला मी घरी गेलो होतो. शनिवारी डोंगरावर जाऊन आलो, रविवारी सकाळी तात्यांबरोबर मैदानावर. पंधरा-सोळा पोरं, दहा ते चौदा वयाची, कुणाच्या कानामागं, कुणाच्या मोज्यात अजून गुलाल. बॉललाही गुलाल लागून तो गुलाबी झाला होता. तात्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. पोरं म्हणाली, तात्या, आर्सेनलचा कॉर्नर शिकवा. माद्रिदची मॅच सगळ्यांनी मोबाइलवर बघितली होती, आणि डावीकडून राइस आणि उजवीकडून साका आत वळणारा बॉल टाकतात आणि गॅब्रिएल येऊन डोकं मारतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

तात्यांनी सहा पोरं लांबच्या पोस्टच्या मागं एका घोळक्यात उभी केली. एक धिप्पाड पोरगा गोलीच्या पुढं नुसता उभा, हात न लावता. मग काठीनं जमिनीवर रेघ ओढली, बॉल उडाला की इथनं सगळ्यांनी एकदम जवळच्या पोस्टकडं पळायचं, फक्त एकानं थांबायचं, आणि बॉल त्या थांबलेल्या पोराकडं येणार. "सगळी पळाली की त्येंची माणसं पन पळत्यात. मग ह्यो एकटा ऱ्हातोय. कळलं का? पळनाऱ्याला बॉल मिळनार न्हाई, तरी जोरात पळायचं."

पहिला कॉर्नर सरळ गोलीच्या हातात. दुसरा कमी पडला. तिसऱ्याला सगळी पळाली पण जो थांबायचा तोही पळाला. चौथ्याला बॉल बरोबर गेला, थांबलेला पोरगा बारका होता, त्यानं डोळे मिटून उडी मारली, बॉल कपाळावर बसून क्रॉसबारवरून उडाला आणि मागच्या रस्त्यावरून रिक्षाखालून पलीकडच्या गटारीजवळ जाऊन थांबला. पोराच्या कपाळावर गोल गुलाबी डाग उठला. एकानं पळत जाऊन बॉल आणला, शर्टाला पुसला. सहाही पोरं काही न सांगता परत लांबच्या पोस्टच्या मागं जाऊन उभी राहिली. तात्यांनी काठी वर केली.

"परत."